बाबूजींना सगळं माहीत होतं

आमच्या वणीच्या वाचनालयातले लोक मागच्या महिन्यात घरी आले आणि म्हणाले, मॅडम, ज्येष्ठांचा कार्यक्रम आहे, तुम्ही थोडं बोला. विषय असा की, हातात इंटरनेट आल्यामुळे आजची पिढी अडाणी होत चालली आहे का. विषयाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. निवृत्त शिक्षिका म्हणजे मोबाईलच्या नावानं बोटं मोडणारच, असा त्यांचा अंदाज. मी चहा पाजला, हो म्हटलं आणि ते गेल्यावर कागद घेऊन बसले. पोरांना पाढे येत नाहीत, मावशीच्या गावाचं नाव माहीत नसतं, दोन आकड्यांची बेरीज करायला फोन लागतो, हे सगळं मला झोपेतही बोलता येतं आणि ते खोटंही नाही. पण लिहिता लिहिता माझी मोठी बहीण कुंदाताई आठवली, बाबा आठवले, आणि पेन पुढे सरकेना. कार्यक्रमाला मी गेले नाही. पाय मुरगळला म्हणून कळवलं. तिथे जे बोलवलं नसतं ते इथे लिहिते आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळत बसायला नको. कुंदाताई ऐन लग्नाच्या तोंडावर गेली. ती कशानं गेली हे मला पुढे नोकरीत असताना कळलं, आणि त्या दिवसापासून मी एकच गोष्ट जिवापाड सांभाळली. ती म्हणजे, हे बाबांना कळू द्यायचं नाही. घरातली बाकीची कामं माझ्याकडून कधी नीट झाली नाहीत, दुधाला उतू जाऊ न देणं मला अजून जमत नाही. पण हे मी फार वर्षं निभावलं.

आमचं घर वस्तीच्या तोंडाशी होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू आणि समोर लांबच लांब ओटा. मागच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जायचे. ट्रक गेला की फळीवरची जर्मलची भांडी थरथरायची आणि माय चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणायची, गेला एक. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा व्हायचा, त्याच्याही आधी मायची बुद्धवंदना सुरू झालेली असायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण सगळी वंदना पाठ होती. भाकर थापताना हात आणि वंदना बरोबरीनं चालायचे, आणि एखादी भाकर करपली की पाली शब्दांच्या मधोमध 'अव माय' यायचं. त्यावर कुंदाताई फिदीफिदी हसायची. जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, नाहीतर तुरीचं पातळ वरण. बाजाराच्या दिवशी सुकट आली तर ती कुंदाताईनंच करायची असा घरातला दंडक होता. कांदा लाल होईपर्यंत ती कोणाला झाकण उघडू द्यायची नाही. मी आजपर्यंत पुष्कळदा करून पाहिली, तशी होत नाही. मसाला तोच, सुकट तीच, पण नाही होत.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. वस्तीतले पहिले मॅट्रिक, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे. संध्याकाळी कचेरीतून आले, हातपाय धुतले की ते ओट्यावर बसायचे आणि माणसं जमायची. कोणाला सातबाऱ्यावर नाव चढवायचं असायचं, कोणाच्या पोराला वसतिगृहात घालायचं असायचं, कोणाची म्हैस आटलेली असायची, तर कोणाला नुसतंच विचारायचं असायचं की बाबूजी, चंद्रावर खरंच माणूस गेला काय. बाबा प्रत्येकाला उत्तर द्यायचे. 'मले माहीत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. माहीत नसलं की ते मिशीवरून बोट फिरवायचे, माहीत असलेल्या दोन गोष्टी जोडून तिसरी तयार करायचे आणि ती अशा खात्रीनं सांगायचे की विचारणारा मान डोलवतच उठायचा. वटवाघूळ आंधळं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि पुढे वर्गात पोरांनाही शिकवलं. पण त्यांचं पुष्कळसं बरोबर असायचं, हेही लिहिलं पाहिजे. त्यांच्या सांगण्यावरून कितीतरी घरांतली पोरं शिकली.

त्यांची ही खोड कुठून आली ते मला मायनं सांगितलं. लहानपणी त्यांना वर्गात बसू देत नसत, दाराबाहेर बसवत. मास्तर आत शिकवायचा आणि बाबा बाहेरून कान देऊन ऐकायचे. जे ऐकू यायचं नाही ते मनानं भरून काढायचे, कारण उठून विचारायची सोय नव्हती. ती सवय जन्माची लागली. मी एकदा शाळेतून आले आणि मोठ्या तोंडानं म्हटलं की बाबा, आमचे सर म्हणतात, येत नसेल तर येत नाही म्हणावं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तुह्या सरायले चालते ते. आपल्या माणसानं माहीत नाही म्हटलं का लोकं म्हणते, पाह्य, यायले काय माहीत." आता सभेत कोणी उठून म्हणतं की आमच्या काळी ज्ञान मिळवायला कष्ट पडत, म्हणून त्याची किंमत होती. तेव्हा मला त्या माणसाला दाराबाहेर नेऊन बसवावंसं वाटतं. बस म्हणावं इथे, आणि कर किंमत.

दसऱ्याला आमची माणसं नागपूरला जायची आणि येताना पुस्तकं घेऊन यायची. अंगावरचा सदरा फाटका असला तरी पिशवीत पुस्तक असायचं. बाबांनी एका वर्षी घरगुती औषधोपचाराचं जाडजूड पुस्तक आणलं. त्याला निळ्या कापडाचं कव्हर शिवलं आणि ते खिडकीच्या फळीवर ठेवलं. त्याला हात लावायचा तर हात धुऊन. ते आल्यापासून ओट्यावर दुखणेकरी जास्त यायला लागले. ताप, हगवण, नायटा, सगळ्याला बाबा पान काढायचे, मोठ्यानं वाचायचे आणि मग आपले चार शब्द जोडायचे. दवाखाना होता, पण तिथे आमच्या लोकांशी कोणी धड बोलत नसे. इथे बाबूजी गुडघ्याला गुडघा लावून बसवत आणि वाचून दाखवत. लोकांना बरं वाटायचं, ते काही नुसत्या काढ्यानं नाही.

कुंदाताई माझ्याहून मोठी. अंगानं काडी, रंगानं सावळी, आणि डोळ्यांत कायम थोडी पिवळी झाक. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, या पोरीले लहानपणची कावीळ उतरलीच नाही. थंडी पडली की तिचे सांधे धरायचे. कधी मनगटं सुजायची, कधी घोटे, आणि मग ती भिंतीला टेकून बसायची, ओठ आवळून. रडायची नाही. मला म्हणायची, बेबी, काहीतरी सांग व, शाळेतलं सांग. मी वाट्टेल ते सांगायची, आणि दुखणं उतरलं की तीच मला चिडवायची की तू काय काय फेकत होतीस ते सगळं मी ऐकलं बरं. चार दिवसांनी ती उठून पुन्हा भाकरी थापायला बसायची. डॉक्टरनं वात आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. बाबांनी पुस्तक काढलं. पुस्तकात सुजेचं प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं की अंगात पाणी साठलं की सूज येते, अशा रोग्यास पाणी बेतानं द्यावं. ते प्रकरण दुसऱ्याच दुखण्याचं होतं, पण कुंदाताईच्या दुखण्याचं पानच त्या पुस्तकात नव्हतं. बाबांनी मिशीवरून बोट फिरवलं. सांधा सुजतो म्हणजे सांध्यात पाणी भरतं, पाणी भरतं म्हणजे पाणी जास्त होतं. मायला सांगितलं की दुखणं उठलं का इले पाणी कमी देत जा.

आज कोणतंही पोर फोन काढतं आणि ही लक्षणं टाकतं, तर पहिल्या पानावर दुखण्याचं नाव येतं आणि त्याच्याखाली येतं की या रोग्याला भरपूर पाणी पाजा, कोरडं पडू देऊ नका. म्हणजे आम्ही जे करत होतो त्याच्या बरोबर उलटं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं लिहिताना मला ते विसरता येत नाही आणि वाचणाऱ्यानंही विसरू नये.

कुंदाताईचं लग्न मुकुटबनच्या आत्याच्या मुलाशी ठरलं. आमच्यात भावाच्या मुलीवर पहिला हक्क बहिणीच्या घराचा. आत्याची दोन लेकरं लहानपणीच हातपाय दुखून दुखून गेलेली. कुंदाचं दुखणंही तसलंच, हे सगळ्यांना दिसत होतं, पण दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. उलट आत्या म्हणाली की दुखणेकरी पोर परक्या घरी कायले देता, माह्याकडे असली तर मी पाहीन तिले. किती मायेनं म्हणाली ती. देवानंद, म्हणजे तिचा मुलगा, शेतीवर राबणारा, लाजाळू. आमच्याकडे आला की कुंदाताईकडे न बघता मलाच गोळ्या-बिस्किटं द्यायचा. ती आतून बघून हसायची. वैशाखातल्या पौर्णिमेची तारीख धरली.

त्या वर्षीचा उन्हाळा मला अजून अंगावर आठवतो. वणीचा उन्हाळा तसाही माणसाला भाजून काढतो, त्यात रस्त्यावरची कोळशाची धूळ. दुपारी ओट्यावर पाय ठेवायची सोय नसायची. लग्नाच्या पंधरवडाभर आधी कुंदाताईचं दुखणं उठलं. या वेळी गुडघे, पाठ आणि छातीही. आतापर्यंत थंडीत यायचं ते भर उन्हाळ्यात आलं म्हणून बाबा घाबरले. घाबरले की ते जास्तच खात्रीनं बोलायचे. लग्नाला सूज उतरलीच पाहिजे, म्हणाले, आणि पाणी मोजून द्यायला सांगितलं. सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. माय पेला घेऊन जायची तेव्हा तिची मान खाली असायची. तिला पटत नव्हतं असं मला आता वाटतं. पण ती निरक्षर बाई, आणि समोर पुस्तक.

आमच्याकडे दाराजवळ मोठा माठ होता, वाळूत बसवलेला. कुंदाताईनं आपली सतरंजी त्या माठाशेजारी टाकून घेतली. माठ पाझरायचा ना, त्या ओल्या अंगाला ती तळहात लावून ठेवायची आणि मग तो हात तोंडावरून फिरवायची. दिवसभर तेच. एका दुपारी माय सरपण आणायला गेली होती, बाबा कचेरीत. मी बाहेरून आले, माठातून गडवा भरला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, पी, कोणी नाही घरात. तिनं गडव्याकडे बघितलं. ते बघणं मला काही केल्या विसरता येत नाही. मग तिनं गडवा हातानं बाजूला सारला.

"नको बेबी. बाबानं सांगितलं ना," ती म्हणाली. "लग्नात उभं राहाचं हाये मले."

मी म्हटलं, थोडंसं. ती म्हणाली की बाबायले सगळं माहीत असते, तुले काय समजते. आणि मग चिडवल्यासारखी हसली, पण तिचे ओठ इतके फुटले होते की हसताना तिला दुखलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला श्वास घेता येईना. बाबांना कचेरीतून बोलावलं. कोळशाचा एक रिकामा ट्रक थांबवून तिला दवाखान्यात नेलं. माय तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली होती, बाबा ड्रायव्हरशेजारी, आणि त्या निळ्या कव्हराचं पुस्तक बाबांच्या मांडीवर. ते त्यांनी कशाला घेतलं होतं कोण जाणे. ऊन कलायच्या आत ट्रक परत आला. मी ओट्यावर उभी होते. माय खाली उतरली आणि तिनं काहीच आवाज केला नाही, तेव्हाच मला समजलं. डॉक्टर म्हणाले होते की छातीत सूज होती, न्यूमोनिया असावा. बाबांनी त्यांना विचारलं होतं की पाणी तर जास्त गेलं नसंल ना. डॉक्टर घाईत होते, त्यांनी मान हलवली. बाबांना ती मान पुरली.

वस्ती लोटली. ज्यानं त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हटलं, बाबूजी, तुम्ही काही कमी केलं नाही. आत्यानं लग्नासाठी घेतलेलं लुगडं कुंदाताईच्या अंगावर घातलं. देवानंद आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात बसून होता, दोन दिवस जेवला नाही, मग उठून गावी गेला. बाबा रडले, फार रडले, पण मोडले नाहीत. कारण 'काही कमी केलं नाही' हे वाक्य त्यांच्याजवळ होतं. त्या वाक्यावर ते पुढे जगले. काही महिन्यांनी ओट्यावर पुन्हा माणसं बसायला लागली. माय मात्र नंतर कधी वंदनेच्या मध्ये थांबली नाही. भाकर करपली तर करपू द्यायची.

मी शिकले, वणीतच शाळेत लागले. लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि मी पोरीला घेऊन बाबांकडे राहायला आले. तोवर माय गेली होती. एक दिवस शाळेत डॉक्टरांची तुकडी आली, पोरांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घ्यायला. एका तरुण डॉक्टर बाईंनी आम्हा शिक्षकांना बसवून सांगितलं की सिकलसेल नावाचा आजार आपल्या भागात आहे, आपल्या लोकांत जास्त आहे, आईबापाकडून येतो, जवळच्या नात्यात लग्न केलं तर वाढतो. डोळे पिवळे, सांधे सुजतात, थंडीत किंवा कडक उन्हात दुखणं उठतं. मी वहीत लिहून घेत होते. मग त्या म्हणाल्या की सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पाणी, पाणी पाजत राहायचं. माझ्या शेजारच्या बाई मला म्हणाल्या, काय झालं हो तुम्हाला, घाम कायचा आला. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

घरी आले तर बाबा नेहमीसारखे बसलेले. त्यांनी विचारलं, आज शाळेत काय झालं. मी म्हटलं, काही नाही. ते मी ठरवून म्हटलं नव्हतं, पण म्हटल्यावर कळलं की आता हेच म्हणत राहायचं. नशीब असं की त्याच सुमारास काचबिंदूनं त्यांची नजर गेली. नशीब म्हणावं का, पण त्या वेळी मला तसंच वाटलं. रोजचा पेपर मी वाचून दाखवायची. त्यात कधी सिकलसेलची बातमी आली, तपासणी शिबिर म्हणा, मेळावा म्हणा, की मी पुढच्या बातमीवर जायची. रेडिओवर आलं की मला काहीतरी विचारायचं सुचायचं. वस्तीत कोणी बोललं तर त्याला डोळ्यानं दटावायची. साऱ्या जगाला माहीत झालेली एक गोष्ट एका माणसापुरती मी अडवून धरली होती, आणि मला वाटायचं हे असंच निभेल.

मग फोन आले. माझी नात सांची उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आली, तेव्हा तिच्या हातात आईचा जुना मोबाईल होता. इंग्रजी शाळेतली पोर, मराठी वाचताना अडखळणारी. तिनं पणजोबांना सांगितलं की यात काहीही विचारता येतं. बाबा नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी आंधळे, पण ते वाक्य ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. काहीही? ते म्हणाले. सांची म्हणाली, काहीही. झालं, दोघांची गट्टी जमली. सकाळपासून दोघं ओट्यावर. नाईल नदी कुठून निघते, उंट पाण्याशिवाय किती दिवस राहतो, संविधान सभेत बाया किती होत्या. ती विचारायची आणि एकेक अक्षर जुळवत वाचायची. वटवाघूळ आंधळं नसतं हे कळलं तेव्हा बाबा पोट धरून हसले. मी तं समद्या वस्तीले खोटं सांगितलं, म्हणाले. आपण चुकलो याचा असा आनंद झालेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. दाराबाहेर बसलेल्या त्या पोराला इतक्या वर्षांनी कोणीतरी आत बोलावलं होतं. मला ते बघून भरून यायचं आणि भीतीही वाटायची. मी सांचीला बाजूला घेऊन म्हटलं की दुखण्याबिखण्याचं काही विचारलं तर मला सांग. ती हो म्हणाली आणि विसरली. पोरच ते.

त्या दुपारी मी आत मेथी निवडत होते. ओट्यावर ऊन होतं म्हणून दोघं दाराच्या आत बसलेली. बाबांचा आवाज आला.

"लिही. पोरगी हाये. वय अठरा. डोळे पिवळे. सांधे सुजते, थंडीत जास्त. चालताना दम लागते. भूक नाही. शेवटी छातीत दुखलं, श्वास घेता आला नाही."

एकही गोष्ट ते विसरले नव्हते. इतकी वर्षं त्यांनी कुंदाताईचं नाव काढलं नव्हतं, पण सगळं असं क्रमानं ठेवलेलं होतं. मी तशीच उठले, मेथी खाली पडली. म्हटलं, सांची, बंद कर ते, जेवायला चल. बाबांनी माझ्या दिशेनं हात वर केला आणि म्हणाले की वाचू दे तिले. पोर माझ्याकडे बघायला लागली, मग त्यांच्याकडे, आणि वाचायला लागली. सि-क-ल-से-ल. तिला एकेका शब्दाला वेळ लागत होता. रक्तातील पेशी. आईवडिलांकडून. वेदना. मला तिच्या हातातून फोन हिसकावून घ्यावासा वाटला, पण बाबांचा हात अजून वरच होता. मग ती त्या ओळीवर आली. रुग्णास भरपूर पाणी पाजावे. शरीरातील पाणी कमी झाल्यास वेदना वाढतात व जिवास धोका होऊ शकतो.

बाबा म्हणाले, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं, या वेळी जरा भरभर, कारण आता शब्द ओळखीचे झाले होते. बाबांनी विचारलं की हे लोकायले कधीपासून माहीत हाये. सांचीनं बोट फिरवलं, वाचलं आणि आनंदानं म्हणाली, खूप जुनं आहे पणजोबा, तुमच्या जन्माच्या पण आधीपासून.

मग बाबांनी मला विचारलं, "बेबी, तुले माहीत होतं?"

मी मान हलवली. त्यांना दिसत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग तोंडानं हो म्हटलं. मला वाटलं ते विचारतील, सांगितलं काहून नाही. त्यांनी विचारलं नाही. सांचीला समोर कोणाचं काय घडतंय याचा पत्ता नव्हता. तिनं आत्ता जे वाचलं ते आम्हाला वेळेवर मिळालं नव्हतं, आणि काय वाचलं ते तिला ठाऊक नव्हतं. ती विचारत होती, आता पुढचं काय विचारू. बाबांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले की चांगलं वाचते तू, असंच वाचत जाय. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. मी पाणी नेऊन दिलं तर पेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, मले ओट्यावर बसव, लोकायले सांगाचं हाये. मी धुतलेलं धोतर नेसवलं, खुर्ची टाकली. ओट्यावर माणसं जमायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना ते नीट कळलेलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपली नजर गेली म्हणून लोक मागे मागे बसतात. समोरून पोरं जात होती, फोनमध्ये माना घातलेली. ओळखीची होती ती 'जयभीम बाबूजी' म्हणून पुढे जात होती. विचारायला कोणाला काही नव्हतं. वाईट पोरं नव्हती हो, कोणाच्या मनात अनादर नव्हता. त्यांची कामं त्यांच्या हातातल्या हातात होत होती, एवढंच.

बऱ्याच वेळानं शेजारच्या गल्लीतला एक मुलगा गाडी थांबवून जवळ आला, पाया पडला. बाबांनी त्याचा हात धरून, बस बापू म्हणत, पायरीवर बसवलं. पोरगा गुणी, तो बसला. बाबा सांगायला लागले की माही मोठी पोरगी होती, कुंदा नावाची, तिले असं दुखणं होतं. इतक्यात त्याचा फोन वाजला. त्यानं माझ्याकडे बघून ओशाळून हात जोडले, फोन कानाला लावला आणि हळूच उठून गाडीकडे गेला. नेमका तेव्हाच ट्रक जात होता, त्या आवाजात बाबांना काही कळलं नाही. ते रिकाम्या पायरीकडे तोंड करून बोलत राहिले. तिचे सांधे कसे सुजायचे, पुस्तक कसं आणलं, त्यात काय होतं, आणि आपण मनानं काय जोडलं. मले माहीत नव्हतं, म्हणाले. मले माहीत नव्हतं अन् मी माहीत हाये म्हटलं.

मी पुढे होऊन त्या पायरीवर बसले. ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले. सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट हाताला लागलं ते घट्ट धरलं.

"पाणी द्याचं. मागो का न मागो, देत राहाचं," ते म्हणाले. "समजलं ना बापू?"

"समजलं, बाबा," मी म्हटलं.